संदर्भ हवा

जगात कादंबरी वाचणारी माणसे दोन प्रकारची असतात असे म्हणतात. पहिली, धीर न निघून शेवटचे पान आधी वाचून टाकणारी. आणि दुसरी, तो शेवट चुकून कानी पडू नये म्हणून कानांवर हात ठेवणारी. परंतु वाचकहो, या दोन्ही जातींहून निराळी अशी एक तिसरी जात आहे. तिचे लक्ष पहिल्या पानाकडे नसते आणि शेवटच्याही नसते. ती आधी उघडते ते मुखपृष्ठाच्या आतले, बारीक टाइपातले पान, ज्याकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही. प्रकाशक कोण, मुद्रक कोण, पहिली आवृत्ती कोणत्या साली निघाली, दुसरी कधी, किंमत काय! गेली सहा वर्षे मी या तिसऱ्या जातीत मोडतो.

आमच्या सौ.च्या मते हा प्रकार म्हणजे लग्नाला जाऊन वधूवरांकडे न पाहता मंडपवाल्याची पावती तपासत बसण्यासारखा आहे. उपमा झकास आहे. पण मंडपवाल्याची पावती कोणीतरी तपासावीच लागते, एवढेच माझे नम्र उत्तर.

मी करतो ते काम असे. मराठी विकिपीडियावर कादंबऱ्यांविषयी जे लेख लिहिले जातात ते मी वाचतो, तपासतो, खोडतो, जोडतो आणि जिथे पुरावा नाही तिथे दोन शब्द लिहितो : ‘संदर्भ हवा’. या कामाचा पगार नाही, मानधन नाही, आणि लेखाखाली नावही छापून येत नाही. नऊ वर्षांच्या आमच्या नातीने एकदा विचारले, “आजोबा, याचे तुम्हाला किती पैसे मिळतात?” मी म्हटले, “काहीच नाही.” त्यावर ती गंभीरपणे म्हणाली, “मग तुम्हाला कोणी सांगितलंय?” हा प्रश्न मोठा आहे. प्रस्तुत लेख हे त्याचेच लांबलेले उत्तर समजावे.

नोकरीत असताना मी ३४ वर्षे एका बँकेत दुसऱ्याने लिहिलेले तपासत होतो. व्हाउचर नसेल तर नोंद नाही आणि सही नसेल तर ते व्हाउचर नाही, हे माझे गायत्रीमंत्र. निवृत्त झालो, शनिवारातल्या दोन खोल्या सुटल्या आणि मुलाच्या बिऱ्हाडी धायरीला आलो. धायरी म्हणजे एके काळचे पुण्याबाहेरचे शेतीवाडीचे गाव. आता फाट्यावरून आत वळले की दोन्ही हातांना इमारती, त्यांच्या पायाशी पाण्याचे टँकर, आणि मधेच कुठे एखादा चुकार शेताचा तुकडा. परंतु गच्चीवर गेले की नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो, आणि तेवढ्यावर मी या गावाला सारे माफ केले आहे. अशा ठिकाणी निवृत्त माणसाने करावे तरी काय? भाजी आणून झाली, नातीला शाळेच्या गाडीत बसवून झाले. पुढे दुपार उरतेच. मुलाने संगणक पुढ्यात ठेवला, आणि मला पुन्हा तपासायला खातेवह्या मिळाल्या.

विकिपीडिया हे नाव घरातल्या शाळकरी मुलांना चांगलेच ठाऊक असते. त्याच्या पोटात काय चालते ते मात्र थोड्यांनाच माहीत. ‘विकी’ हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ ‘झटपट’. इंग्रजी विकिपीडिया २००१ च्या जानेवारीत सुरू झाला. मराठीचा मुहूर्त १ मे २००३, म्हणजे बरोबर महाराष्ट्रदिनाचा. अगदी सुरुवातीच्या लेखांत बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेवरचा लेख होता हे वाचून मला मोठा आनंद झाला. कारखाने, मंत्री, क्रिकेट हे सगळे पुढे आलेच. पण मराठी माणसाने पाटीवर पहिली अक्षरे गिरवली ती कवितेची.

या जगातले शब्दही कसे घरचे आहेत पाहा. जिथे सर्वांनी बसून वाद घालायचा ती ‘चावडी’. नवशिक्याने हात बसेपर्यंत जिथे लिहायचे-पुसायचे ती ‘धूळपाटी’. ठरावीक दुरुस्त्या न कंटाळता करीत राहणारा यंत्रगडी तो ‘सांगकाम्या’. आणि ज्यांच्या हाती पान काढून टाकण्याचा अधिकार असतो ते ‘प्रचालक’. प्रत्येक लेखामागे त्याचा ‘इतिहास’ जपलेला असतो : कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द घातला आणि कोणी तो काढला. आमच्या बँकेत इतका चोख इतिहास असता तर निम्मी भांडणे झाली नसती.

ज्ञानकोशाचा सोस महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी आधी नागपुरात व मग पुण्यात बसून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड पुरे केले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. केतकरांची गंमत अशी की, हा ज्ञानकोशकार स्वतः कादंबरीकारही होता. ‘ब्राह्मणकन्या’ त्यांचीच. त्यांच्या कादंबऱ्यांत कथेपेक्षा समाजशास्त्र अधिक, अशी तक्रार टीकाकार करीत आले आहेत. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत याच्या नेमके उलट असते : ज्ञानकोशाच्या लेखात लेखक कादंबरी लिहू लागतो!

म्हणजे काय होते ते सांगतो. कादंबरी आवडलेला माणूस लेख लिहायला बसतो तेव्हा त्याचा ऊर भरून आलेला असतो. मग ‘सिद्धहस्त लेखकाची ही कालजयी कलाकृती मराठी रसिकांच्या हृदयसिंहासनावर अधिराज्य करीत आहे’ असे वाक्य उतरते. मी पहिल्याप्रथम ‘सिद्धहस्त’ काढतो, मग ‘कालजयी’. मग सिंहासन उचलतो. आणि शेवटी ‘ही मराठी कादंबरी आहे’ एवढे उरते. लेखकाला वाटते की म्हाताऱ्याला रस नाही. पण ‘कालजयी’ हे कोणी म्हटले? कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर? एखाद्या जाणत्या समीक्षकाने तसे लिहिले असेल तर त्याच्या नावावर ते खुशाल लिहावे. ज्ञानकोशाने स्वतःच्या तोंडाने कोणाची आरती करू नये, एवढाच त्यातला मुद्दा.

दुसरी गोष्ट कथानकाची. पुष्कळ लेखांत कथा अर्ध्यावर आणून पुढे लिहिलेले असते, ‘पुढे काय होते ते मुळातूनच वाचा!’ हे वाक्य प्रकाशकाच्या जाहिरातीत शोभते, ज्ञानकोशात नाही. इथे शेवट लपवायचा नसतो. इंग्रजी विकिपीडियाने तर ‘सावधान, पुढे शेवट सांगितला आहे’ अशा सूचनाही पूर्वीच बंद केल्या. कादंबरी चारशे पानांची असो की बाराशे, कथासार साधारण चारशे ते सातशे शब्दांत बसावे असा तिथला दंडक आहे, आणि मराठीत आम्ही तोच डोळ्यांपुढे ठेवतो. यावरून आमच्या घरी एकदा चहा गार झाला. सौ. म्हणाली, “शेवट सांगून टाकलात तर पुस्तक कोण वाचेल?” मी म्हटले, “अगं, रामायणाचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून काय रामायण कोणी वाचायचं थांबलं?” त्यावर ती म्हणाली, “रामायण वाल्मीकींनी सांगितलं. तुम्ही सातशे शब्दांत सांगता.” मी चहा प्यालो.

तिसरी गोष्ट म्हणजे तारखा आणि नावे. हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ आधी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली आणि पुस्तकरूपाने मागाहून निघाली. एक जण पहिले साल लिहितो, दुसरा दुसरे. दोघेही खरे, आणि दोघेही एकमेकांचे साल खोडीत बसतात. तपासणाऱ्याने दोन्ही साले ठेवून कोणते कशाचे ते लिहायचे, की भांडण मिटले. खांडेकरांच्या कादंबरीचे नाव १९५९ साली पुस्तकावर ‘ययाति’ असे ऱ्हस्व छापले गेले. पुढे शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि शाळेत ‘ययाती’ दीर्घ झाला. लेखाला नाव पुस्तकावर आहे तेच द्यायचे, आणि दीर्घ ईकाराने शोधत येणाऱ्यालाही त्याच दाराशी आणून सोडायचे. विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’ आणि ‘बळी’ या कादंबऱ्यांच्या लेखांतून वाचक मालतीबाई बेडेकरांपर्यंत पोचतो की नाही, तेही पाहायचे. ‘पहिली’ हा शब्द दिसला की तर मी चष्मा पुसतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, रा. भि. गुंजीकरांचे ‘मोचनगड’ १८७१ चे, त्याला पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात. अशा प्रत्येक ‘पहिली’च्या मागे तसे म्हणणारा ग्रंथ उभा करावा लागतो.

कधी कधी तर कादंबरी म्हणजे काय इथूनच सुरुवात होते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली निघाली. ती कादंबरी की आठवणी? ४२ रात्रींत सांगितलेल्या त्या गोष्टींना कोणत्या कप्प्यात ठेवायचे यावर दोन्ही बाजूंनी डोळ्यांत पाणी आणून वाद घालणारी माणसे असतात. अशा वेळी आपले मत मनात ठेवून, जाणकारांनी तिला काय काय म्हटले आहे ते शांतपणे लिहून मोकळे व्हावे.

आणि आमचा सिंहगड! हरिभाऊंची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभी आली आणि मराठी माणसाच्या मनात इतकी खोल रुतली की तिच्यातला सिंहगड कुठे संपतो आणि १६७० मधला कुठे सुरू होतो हे सांगणे अवघड झाले. तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्याला ‘सिंहगड’ हे नाव पडले, असे वाक्य कोणीतरी गडाच्या लेखात घालतो. इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले आहे की त्या लढाईपूर्वीच्या कागदातही ‘सिंहगड’ हे नाव सापडते. म्हणून तपासणाऱ्याला इथे एक रेघ ओढावी लागते : कादंबरीत काय आहे याला कादंबरी हा पुरावा, गडावर काय झाले याला नव्हे. यात कोणाचा अपमान नाही. तानाजीचे शौर्य त्या रेघेच्या अलीकडेही तेवढेच आहे आणि पलीकडेही. पण ही रेघ ओढली की लोक रागावतात. मला एका गृहस्थांनी चर्चेच्या पानावर विचारले, “आपण महाराष्ट्रीय आहात ना?” मी लिहिले, “होय. गच्चीतून रोज गड पाहतो.”

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात, नव्या लेखांची यादी चाळताना एका कादंबरीचे नाव दिसले आणि माझा हात थांबला. एका विस्मृत लेखिकेची, स्वातंत्र्याच्या थोडी आधी निघालेली कादंबरी. लेखिकेच्या घरची माणसे असतील, म्हणून नाव इथे घेत नाही. ती कादंबरी माझ्या कपाटात आहे. आईची. माझ्या आईने आयुष्यात विकत घेतलेले ते एकच पुस्तक. बाकी सारे वाचन वाचनालयातले. आमच्या वाड्यात ती प्रत पाच स्वयंपाकघरांत फिरली. पानांवर हळदीची बोटे आहेत. आणि एका जागी, जिथे नायिका नवऱ्याला न विचारता माहेरी पत्र लिहिते, तिथे समासात आईच्या हातची पेन्सिलीची दोन अक्षरे आहेत : ‘खरे’. आई चौथीपर्यंत शिकलेली. पुस्तकात लिहू नये असे आम्हा भावंडांना बजावणाऱ्या त्या बाईने तेवढे एकदाच पुस्तकात लिहिले.

नवा लेख बारा वाक्यांचा होता. लिहिणारी परभणीकडची कोणी विद्यार्थिनी. भाषा साधी, कथासार नेटके. परंतु संदर्भ एकही नाही. आणि शेवटचे वाक्य असे, की ही कादंबरी त्या काळच्या मध्यमवर्गीय स्त्रियांत फार वाचली जात असे.

वाचकहो, हे वाक्य खरे होते. महाराष्ट्रात या वाक्याच्या खरेपणाची ग्वाही माझ्याइतकी कोण देऊ शकले असते? पाचही स्वयंपाकघरांतल्या बायका मला नावांनिशी आठवत होत्या. तरी मी त्या वाक्यापुढे लिहिले : ‘संदर्भ हवा’. आणि लेखाच्या माथ्यावर सूचना लावली की स्वतंत्र संदर्भ न मिळाल्यास हे पान काढले जाऊ शकते.

दुसऱ्या दिवशी चर्चेच्या पानावर तिचा प्रश्न आला. “सर, पुस्तक माझ्या हातात आहे. मग पुरावा कसला मागता? मी खोटं लिहिलंय असं वाटतं का तुम्हाला?”

मी उत्तर लिहिले, “मुळीच नाही. पुस्तक आहे याचा पुरावा पुस्तकच देते. पण ते पुष्कळांनी वाचले, त्याची दखल घेतली गेली, याचा पुरावा पुस्तक स्वतः देऊ शकत नाही. निदान दोन ठिकाणी त्याविषयी दुसऱ्या कोणी सविस्तर लिहिलेले हवे. आणि एक सांगतो. ते पुस्तक माझ्या घरी आहे. माझ्या आईचे आहे.”

तिचे उत्तर तासाभरात आले. “मग तर तुम्हीच साक्षीदार आहात! काढून टाका ना ती पाटी.”

“साक्षीदार आहे, म्हणूनच न्यायाधीश होता येत नाही,” मी लिहिले. “आपण दोघे शोधू. तुम्ही तिकडे पाहा, मी इकडे.”

आमच्या सौ.ला हे सांगितले तेव्हा ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “सासूबाईंना काय वाटलं असतं?” या प्रश्नाला मात्र माझ्याकडे संदर्भ नव्हता.

दर शनिवारी धायरीहून स्वारगेटची बस धरून मी शहरात जाऊ लागलो. पुण्यात जुन्या ग्रंथालयांना तोटा नाही. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चे. पहिल्या शनिवारी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ काढली. १८०० पासून १९५० पर्यंतची मराठी पुस्तके एका माणसाने नोंदवावीत, हे काम पाहिले की आपले काम म्हणजे दाणे निवडणे वाटते. तिथे कादंबरी सापडली : नाव, लेखिका, साल, पृष्ठे, किंमत. पण सूचीतली नोंद म्हणजे जन्माचा दाखला. त्या बाळाने पुढे काय केले ते दाखल्यात नसते.

दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी त्या काळच्या मासिकांचे बांधीव खंड उघडले. पाने अशी, की उलटताना कडा हातात यावी. एका अंकात कादंबरीचे नाव दिसले आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत उठलो. पण ते ‘साभार पोच’ या सदरात होते. जुन्या वाचकांना हे सदर ठाऊक आहे. पुस्तक मिळाले, आभारी आहोत, इतकेच. ज्या पुस्तकांवर लिहायला जागा नाही किंवा इच्छा नाही, त्यांची ती धर्मशाळा. आमच्या नियमाने ही दखल नव्हे.

पाचव्या शनिवारी परीक्षण सापडले. दीड रकाना. वाचू लागलो आणि मन खट्टू झाले. परीक्षकांनी कादंबरीची पुरती हजेरी घेतली होती. कथानक घरगुती, विचार उथळ, भाषा स्वयंपाकघरातली. आणि शेवटी नापसंतीच्या सुरात तक्रार अशी की, असे असूनही बायकांत या पुस्तकाच्या प्रती हातोहात फिरत आहेत, हे वाचकांच्या अभिरुचीचे दुर्दैव होय.

मी ते वाक्य दोनदा वाचले. मग मला हसू आले. इतके, की समोरच्या ग्रंथपालबाईंनी वर पाहिले. अहो, हाच तर माझा संदर्भ! परभणीच्या मुलीने जे लिहिले, माझ्या पाच स्वयंपाकघरांनी जे पाहिले, ते या गृहस्थांनी रागाच्या भरात का होईना, छापून ठेवले होते. कादंबरीला तारायला तिचे चाहते उपयोगी पडले नाहीत. तिच्यावर चिडलेला एक माणूस उपयोगी पडला. चाहत्या बायकांना लिहायला कोणी जागा दिली नव्हती. त्यांच्याजवळ होती ती फक्त समासाची कड.

आठवड्याने परभणीहून निरोप आला : “काका, मिळालं!” ‘सर’चे ‘काका’ झाले होते. तिच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात स्त्रियांच्या कादंबरीलेखनाचा आढावा घेणाऱ्या एका पुस्तकात लेखिकेवर सव्वा पान होते, आणि ते आदराने लिहिलेले होते. दोन संदर्भ झाले. एक रागाचा, एक आदराचा. ज्ञानकोशाला दोन्ही सारखे. आम्ही लेख पुन्हा लिहिला. बारा वाक्यांची अकरा झाली. वाचल्या जाण्याचे वाक्य राहिले, पण त्याचे रूप बदलले : तत्कालीन परीक्षणात अमुक नोंदवले आहे, असे. माथ्यावरची सूचना मी स्वतः काढली नाही. आईचे पुस्तक असल्याने तो अधिकार मी माझ्याकडे ठेवला नाही. दुसऱ्या गावच्या, त्या पुस्तकाशी काहीही नाते नसलेल्या एका सहकाऱ्याला लेख तपासायला सांगितले. त्यांनी एक अनुस्वार दुरुस्त केला आणि सूचना काढली.

लेख आजही आहे. अकरा वाक्ये आणि दोन संदर्भ. ‘खरे’ ही दोन अक्षरे त्यात नाहीत, आणि ती नसावीत हेच योग्य. माझ्या आईचे मत ज्ञानकोशात घेतले तर उद्या प्रत्येकाच्या आईचे घ्यावे लागेल, आणि मग प्रकाशकाच्या आईचेही येईल!

पण यातून एक विचार मनात आला तो काही केल्या जाईना. त्या काळी निदान रागावून लिहिणारा एक परीक्षक होता. दीड रकाना तर दीड रकाना, पण पुस्तक वाचून, नाव-सालासकट, छापील पानावर लिहिलेला. आज पुस्तके भाराभर निघतात. आपण ती वाचतो, आवडली तर मैत्रिणीला फोनवर सांगतो, ‘फारच छान’ म्हणून अंगठा दाखवतो आणि विसरतो. पन्नास वर्षांनी कोणी परभणीची मुलगी आजची कादंबरी हाती घेऊन विचारील, की ही लोकांनी वाचली होती का? आणि कोणी धायरीचा म्हातारा शनिवारी बस धरून ग्रंथालयात जाईल. त्याला काय सापडेल? ‘साभार पोच’सुद्धा सापडेल का?

यात आता नवी भर पडली आहे. अलीकडे यंत्राकडून लिहवून घेतलेले लेख येऊ लागले आहेत. भाषा गुळगुळीत, ऱ्हस्वदीर्घ आमच्यापेक्षा बरे, आणि खाली संदर्भांची रांग. मी बँकेतला माणूस. रांग पाहून हुरळत नाही, एकेक व्हाउचर उघडतो. कधी कधी त्यातले पुस्तक जगात निघालेलेच नसते! जिथे खरे लिहिलेले थोडे असते तिथे अशा खोट्याला जागा फार मिळते. मराठीत कादंबऱ्या कमी नाहीत. कादंबऱ्यांविषयी विश्वासाने लिहिलेले कमी आहे.

तेव्हा नातीच्या प्रश्नाचे उत्तर असे. मला हे काम कोणी सांगितलेले नाही. पण एखादे पुस्तक कोणी प्रेमाने वाचले होते, ही गोष्ट खरी असूनही निव्वळ कागदावर न आल्यामुळे नाहीशी व्हावी, हे मला हिशेबातली तूट वाटते. आणि तूट दिसली की शोधत बसायची, ही ३४ वर्षांची सवय आहे.

म्हणून दिवाळीच्या या अंकाच्या वाचकांना एक विनंती करतो. फराळ झाला, पाहुणे गेले, की या वर्षी वाचलेल्या एखाद्या कादंबरीविषयी एक पान लिहा. स्तुतीच हवी असे नाही. रागावून लिहिलेत तरी चालेल, त्याचाही उपयोग होतो हे आपण पाहिलेच. वाचनालयाच्या वार्षिकात द्या, वृत्तपत्राला पाठवा, गावच्या स्मरणिकेत छापा. मात्र लेखकाचे नाव, प्रकाशक आणि साल घालायला विसरू नका. माझ्या आईला समासाखेरीज जागा नव्हती. आपल्याला आहे.